राहून गेलेल्या सहली आणि सेव्हर्न नदी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण, थोडे नीटनेटके करून.)



सेक्रेटरींनी मला विषय दिला, ‘परदेशातील पाहण्यासारखी ठिकाणे’, आणि वेळ दिली पंधरा मिनिटं. आम्ही दोघं २०२४ च्या उन्हाळ्यात तीन महिने लेकीकडे राहून आलो. लंडनमध्ये फक्त विमानातून उतरलो आणि चढलो, त्यामुळे बिग बेनबद्दल माझ्याकडून काही ऐकायला मिळणार नाही. लेक राहते टेलफर्डला. ते श्रॉपशायर नावाच्या परगण्यात आहे, वेल्सच्या सीमेला लागून. इंग्लंड पाहून आलो म्हटलं की लोक राणीचा राजवाडा विचारतात. श्रॉपशायर म्हटलं की गप्प बसतात. पण ब्रिटनमधली सगळ्यात लांब नदी, सेव्हर्न, सुमारे ३५४ किलोमीटर, ती या परगण्यातून वळणं घेत जाते, आणि आमच्या सगळ्या सहली तिच्या काठाकाठानेच झाल्या. आपण उल्हास नदीच्या काठची माणसं. २६ जुलै २००५ ला तळमजल्यावरच्या मंडळींनी आमच्याकडे तिसऱ्या मजल्यावर रात्र काढली होती, ते आठवत असेल. तिथेही नदीकाठच्या घरांना पुराची तीच धास्ती आहे. तेव्हा नदीचं कौतुक सांगितलं तरी तुम्हाला ते परकं वाटू नये.

आधी एक कबुली देतो, म्हणजे पुढचं समजेल. बँकेत आम्हाला एलएफसी मिळायची, म्हणजे रजा घेऊन कुटुंबासह फिरायला जायचा खर्च. न जाता त्याचे पैसेही घेता यायचे. मी अडतीस वर्षांच्या नोकरीत बहुतेक वेळा पैसेच घेतले. ते एफडीत ठेवले, आणि १९९८ साली या इमारतीचं बुकिंग सुरू झालं तेव्हा पहिला हप्ता त्यातून भरला. मी आणि ही, आम्हाला त्याचा अभिमानच होता. काश्मीर बघितलं नाही पण दोन बेडरूमचा फ्लॅट झाला, असं मी लोकांना सांगायचो. मुलांना कोणी विचारलं नव्हतं.

टेलफर्डला पोचल्यावर चौथ्याच दिवशी लेकीने टेबलावर वही उघडली. तिने आमच्या बारा शनिवार-रविवारांचा तक्ता केला होता. पाऊस आला तर कुठे, ऊन असलं तर कुठे, आईच्या गुडघ्यांना कुठे जिने आहेत, बाबांना दर तासाने कुठे स्वच्छतागृह आहे. मी म्हटलं, अगं, एवढं ऑडिट कशाला? ती म्हणाली, “बाबा, मुलांना घेऊन फिरायचं म्हणजे असंच करतात.” मी जास्त बोललो नाही.

पहिला शनिवार आयर्नब्रिजचा. गावाचं नावच पुलावरून पडलं आहे. जगातला पहिला मोठा लोखंडी पूल. १७७९ साली त्याच्या कमानी उभ्या राहिल्या आणि १ जानेवारी १७८१ ला तो रहदारीला खुला झाला. दोन्ही बाजूंना झाडीने भरलेले उभे डोंगर, खाली सेव्हर्न, आणि मध्ये एकच कमान, साधारण तीस मीटरची. मधे खांब नाही. रंग तांबूस तपकिरी. काही वर्षांपूर्वी दुरुस्ती करताना जुन्या रंगाचे थर तपासून मूळचा रंग पुन्हा दिला. मला त्याचे सांधे फार आवडले. तोवर लोखंडाचा एवढा पूल कोणी बांधलाच नव्हता, मग सांधे कसे जोडायचे? त्यांनी सुतारकाम केलं. लाकडाला खाच पाडून दुसऱ्या तुकड्याचं टोक आत बसवतात, तसे लोखंडाचे तुकडे एकमेकांत बसवले आहेत. माझे आजोबा सुतारकाम करायचे, मी त्या पुलाखाली मान वर करून इतका वेळ उभा राहिलो की नातवाने येऊन विचारलं, “आजोबा, तुम्ही ठीक आहात ना?”

पुलाच्या टोकाला जुनं टोलघर आहे आणि त्यावर दरांची पाटी. पायी जाणाऱ्याला अर्धा पेनी, घोड्यागाडीला अमुक, डुकरांना तमुक. आणि शेवटी स्पष्ट लिहिलंय की हा पूल खाजगी मालकीचा असल्याने सैनिक, टपालगाडी, इतकंच काय, राजघराण्यातल्या लोकांनाही टोल माफ नाही. मी तिथेच म्हटलं, ही पाटी आपल्या सोसायटीच्या ऑफिसात हवी, मेंटेनन्सच्या तक्त्याखाली. (अध्यक्षमहाराज हसतायत, म्हणजे त्यांचं भरलेलं असावं.) १९५० पर्यंत तिथे टोल घेत होते. आता फुकट, आणि १९३४ पासून गाड्या बंद असल्यामुळे लहान मुलं बिनधास्त धावतात.

बँकवाला म्हणून मी त्या पुलाचे पैसे कोणी दिले ते वाचलं. भागभांडवल काढलं होतं. लोखंड ओतायचं काम अब्राहम डार्बी या तिसऱ्या पिढीतल्या कारखानदाराने घेतलं. आजोबा, मुलगा, नातू, तिघांचं नाव अब्राहमच. खर्च अंदाजाच्या बाहेर गेला, वाढीव बोजा या नातवाच्या अंगावर आला, आणि पुढे आयुष्यभर तो कर्जातून सुटला नाही. १७९५ च्या महापुरात नदीवरच्या दुसऱ्या पुलांना मार बसला, हा मात्र हलला नाही. म्हणजे पूल पास झाला आणि कर्जदार नापास. आम्ही असल्या खात्याला काय शेरा मारला असता ते मी इथे सांगत नाही.

त्याचे आजोबा, पहिले अब्राहम डार्बी, यांची भट्टी जवळच कोलब्रुकडेलला जपून ठेवलीय. १७०९ मध्ये त्यांनी लाकडी कोळशाऐवजी दगडी कोळशापासून केलेला कोक वापरून लोखंड काढलं. त्यामुळे जंगलं तोडायची गरज कमी झाली आणि लोखंड स्वस्त झालं. आणि ते सुरुवातीला काय ओतायचे? स्वयंपाकाची भांडी! वाळूच्या साच्यात पातळ काठाची भांडी ओतायचं पेटंट त्यांनी १७०७ मध्येच घेतलं होतं. आमच्या सौभाग्यवती तोवर बाकावर बसून गुडघे चोळत होत्या, त्या उठल्या आणि काचेपलीकडच्या काळ्या भांड्यांकडे बघून म्हणाल्या, “म्हणजे बिडाचा तवा की!” औद्योगिक क्रांती एका वाक्यात समजली.

पुढच्या आठवड्यात ब्लिस्ट्स हिल. इथे मी जरा रेंगाळणार आहे, सेक्रेटरींनी घड्याळ दाखवू नये. डोंगरावर एक सबंध जुनं गाव उभं केलंय, साधारण १९०० च्या सुमाराचं. औषधाचं दुकान, मेणबत्त्या करणारा, छापखाना, शाळा, लोहाराची भट्टी. काही इमारती मूळच्या तिथल्याच, काही दुसरीकडून एकेक वीट काढून आणलेल्या, काही नमुन्यावरून बांधलेल्या. त्या काळचे कपडे घालून माणसं कामं करत असतात, आणि विचारलं की काम न थांबवता उत्तर देतात. आणि गावात शिरल्याशिरल्या काय? बँक! लाकडी काउंटर, पितळी तराजू, जाड लेजरं, ताठ कॉलरचा कॅशियर. आजचे पौंड दिले की तो जुन्या धर्तीची नाणी देतो आणि ती गावातल्या दुकानांत चालतात.

नातवाने नाणी घेतली आणि गोंधळला. चार फार्दिंगचा एक पेनी, बारा पेनींचा एक शिलिंग, वीस शिलिंगांचा एक पौंड. म्हणजे पौंडाचे २४० पेनी. ब्रिटनने हा हिशोब १९७१ मध्ये सोडला. नऊ वर्षांचं पोर, त्याला दशमान सोडून काही ठाऊक नाही. मी म्हटलं, इकडे ये. आमच्याकडेही असंच होतं. चार पैशांचा आणा, सोळा आण्यांचा रुपया. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले तेव्हा मी तुझ्याहून लहान होतो, आणि आमचे किराणावाले शेठ कितीतरी दिवस दोन्ही भाषांत हिशोब सांगायचे. मग मी त्याला तोंडी गणितं घातली. काउंटरवरचा कॅशियर ऐकत होता. मी चाळीस वर्षांपूर्वीचा कॅशियर आहे असं लेकीने त्याला सांगितलं, तेव्हा त्याने लेजर माझ्याकडे फिरवलं आणि हाताने ‘बघा’ अशी खूण केली. माझे डोळे आपोआप बेरजेच्या ओळीवर गेले.

लेक हसत म्हणाली, “बाबा, तुम्ही सुट्टीतही बँकेतच.”

सगळे हसले. मीही हसलो. पण तुम्हाला सांगतो, ते वाक्य दिवसभर कानात राहिलं.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. या खोऱ्यातल्या संग्रहालयांचा मिळून वर्षभराचा पास मिळत होता. एकदा काढला की कितीही वेळा जा. पौंड तेव्हा शंभर रुपयांच्या वर होता, मी प्रत्येक किमतीला गुणाकार करत होतो, पण तीन महिन्यांत पाच वेळा गेलो तेव्हा भागाकारही झाला. दुसरं, शाकाहारी मंडळींनी सावध. तिथल्या जुन्या पद्धतीच्या दुकानात मासे आणि बटाटे गोमांसाच्या चरबीत तळतात. नुसते बटाटे आहेत म्हणून घेऊ नका. ही घरून तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी आणि लसणाची चटणी घेऊन जायची, आणि गवतावर बसून खायला कोणी हरकत घेत नाही. चटणीचा डबा उघडल्यावर शेजारचं कुटुंब जरा सरकून बसलं, ते वाऱ्यामुळे असेल.

मग आगगाडी. सेव्हर्न व्हॅली रेल्वे नावाची सोळा मैलांची लाइन आहे, ब्रिजनॉर्थ ते किडरमिन्स्टर, नदीच्या कडेकडेने. १८६२ मध्ये सुरू झालेली. १९६३ मध्ये सरकारी रेल्वेने तोट्यात म्हणून प्रवासी गाड्या बंद केल्या. तिथल्या हौशी लोकांनी दोनच वर्षांत संस्था काढली, पैसे जमवून थोडी थोडी लाइन विकत घेतली, आणि १९७० पासून पुन्हा वाफेची इंजिनं धावायला लागली. पगारी नोकर आहेत, पण बरीचशी कामं स्वयंसेवक करतात. तिकीट तपासणारा, सिग्नलवाला, फुलझाडांना पाणी घालणारी बाई, बहुतेक सगळे आपल्या वयाचे. हायली स्टेशनवर एका गृहस्थांशी बोललो. वय अठ्ठ्याहत्तर. निवृत्त शिक्षक. आठवड्यातून दोन दिवस हिरवं निशाण हातात धरतात. मी विचारलं, कंटाळा नाही येत? ते म्हणाले, घरी बसलं तर येतो. आपल्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर आपण सातपैकी सात दिवस सरकारला नावं ठेवतो, त्यापेक्षा हे बरं, असं मला वाटलं. पण ते असो.

डब्यात कोळशाचा वास आला आणि लहानपणीची गाडी आठवली. खिडकीत बसलं की डोळ्यात कण जायचा आणि आई पदराचं टोक फुंकरून डोळ्याला लावायची. नातवाच्याही डोळ्यात गेला. हिने तेच केलं. ओढणीचं टोक होतं, पदर नव्हता, एवढाच फरक. आर्लीजवळ गाडी नदी ओलांडते तो व्हिक्टोरिया पूलही लोखंडीच, १८६१ चा, आणि त्याचं ओतकाम त्याच कोलब्रुकडेलच्या कारखान्याचं.

ब्रिजनॉर्थ गाव दोन मजली आहे, खालचं नदीकाठी आणि वरचं कड्यावर. मधे १८९२ पासून तारेने ओढले जाणारे दोन डबे आहेत, एक वर जातो तेव्हा दुसरा खाली येतो. आम्ही जाण्याच्या थोडं आधी ते दुरुस्तीसाठी वर्षभर बंद होतं म्हणे. चालू मिळालं हे हिच्या गुडघ्यांचं नशीब. वर किल्ल्याचा एकच बुरूज उरलाय, यादवी युद्धात सुरुंग लावला तेव्हा तो पडायचा तो नुसता कलला. पिसाच्या मनोऱ्यापेक्षा जास्त कललेला आहे आणि पावणेचारशे वर्षं तसाच उभा आहे. सगळी मुलं त्याला टेकू देतानाचा फोटो काढतात, आम्हीही काढला. रॉक्सिटरला रोमन शहराचे अवशेष पाहिले. अभ्यासूंना आवडेल; एक भिंत सोडली तर बाकी जोत्यांचे दगड, आणि आमचं पोर पंधरा मिनिटांत कंटाळलं.

आता श्रूजबरी. परगण्याचं मुख्य शहर. सेव्हर्न त्याला घोड्याच्या नालासारखा वळसा घालते. चार्ल्स डार्विन इथलाच, १८०९ चा जन्म. ज्या शाळेत शिकला तिथे आता ग्रंथालय आहे आणि दारात त्याचा बसलेला पुतळा. नातवाने त्याच्या पायथ्याशी बसून आईस्क्रीम खाल्लं. तिथून बाजारचौकात आलो तर आणखी एक पुतळा. उभा, तलवारवाला. खाली नाव एवढंच, क्लाइव्ह.

रॉबर्ट क्लाइव्ह याच परगण्यातला. पुढे इथला खासदार झाला, महापौरही झाला. पुतळा १८६० चा. २०२० मध्ये तो काढावा म्हणून मोठी मागणी झाली होती, पण तिथल्या कौन्सिलने ठेवायचं ठरवलं. नातवाने विचारलं, हे कोण? मी म्हटलं, याने प्लासीची लढाई जिंकली आणि बंगाल घशात घातला, ते तू शाळेत शिकशील किंवा शिकणार नाहीस. पण त्याच्या आदल्या वर्षी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, हा आपल्या विजयदुर्गावर आला होता. समुद्रातून ॲडमिरल वॉटसनचं आरमार आणि जमिनीवरून याची फौज. तुळाजी आंग्र्यांची गलबतं तिथे जळाली. आणि खरं सांगायचं तर पेशवे तेव्हा इंग्रजांच्या बाजूने होते, आंग्र्यांशी बिनसलं होतं म्हणून. आपलं आरमार आपणच बुडवायला मदत केली. मी चांगला रंगात आलो होतो. किल्ला कसा आहे, तीन तटबंद्या कशा, वाघोटनची खाडी कुठे, इंग्रज त्याला घेरिया का म्हणायचे.

नातू म्हणाला, “आई, तू पाहिलायस?”

लेक पुतळ्याकडेच बघत होती. म्हणाली, “नाही. आम्ही तीन वर्षं देवगडला होतो, तासाभरावर. पण नाही पाहिला.”

रागाने नाही म्हणाली. राग असता तर मी उत्तर दिलं असतं. १९८६ ते ८९ मी देवगड तालुक्यातल्या एका शाखेत मॅनेजर होतो. कॉम्प्युटर नव्हते. सोमवार ते शनिवार काउंटर, रविवारी लेजरांचं बॅलन्सिंग. आंब्याच्या दिवसांत वसुली, जूनअखेर, डिसेंबरअखेर. “पुढच्या रविवारी जाऊ” हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल त्याचा व्हाउचर कुठे नाही. एकदा तर डबे भरून तयार होते. दोन्ही मुलं कपडे घालून पायरीवर बसली होती. शाखेतून शिपाई आला, बारा रुपये काही पैशांचा फरक सापडत नव्हता. मी “आलोच” म्हणून गेलो. रात्री आठला फरक सापडला. डबे हिने शेजारी वाटून टाकले होते.

त्या चौकातल्या बाकावर मी लेकीला एलएफसीचं सांगितलं. दर वेळी पैसे का घेतले, ते कुठे गेले. ती म्हणाली, “बाबा, मला माहितीये. आईने मला कधीच सांगितलंय.” मग थोड्या वेळाने म्हणाली, “घर चांगलं झालं. लग्न होईपर्यंत माझी खोली होती मला.” एवढंच. मग पावसाची सर आली आणि आम्ही सगळे कॉफीच्या दुकानात पळालो. उरलेले सहा आठवडे मी तिच्या वहीतला एकही शनिवार चुकवला नाही. गुडघे हिचे दुखत होते, आणि एका शनिवारी थंडी वाजून ताप माझा आला, तरी क्रोसिन घेऊन गेलो.

तर पुढचं थोडक्यात. नाताळच्या सुट्टीत ती मंडळी इकडे आली. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी नातवाला टेरेसवर क्रिकेट खेळताना पाहिलंय. त्याने येतानाच सांगितलं होतं, क्लाइव्हवाला किल्ला. कोकण रेल्वेने कणकवलीला उतरलो, तिथून गाडी केली. वही या वेळी मी केली होती. आजीसाठी पायऱ्या किती, जेवण कुठे, संध्याकाळची परतीची वेळ, सगळं. डबेही घेतले.

तटावर पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. नातवाने जहाजं कुठून आली ते विचारलं, मी हात करून दाखवलं. लेक पुढे जाऊन बुरुजाच्या टोकाशी उभी राहिली आणि तिने बंगळुरूला भावाला व्हिडिओ कॉल लावला. फोन चौफेर फिरवून म्हणाली, “बघ रे, आलो एकदाचे.”

पलीकडून तो म्हणाला, “बाबांची एलएफसी मंजूर झाली वाटतं?”

मी पुढे होऊन सांगितलं, “मंजूर झाली. पस्तीस वर्षं पेंडिंग होती. आता पुढचा नंबर तुझा.”